वीतभर जागा

जालना डेपोच्या मागं, सरकीच्या गोदामावर
पत्र्याची एक खोली आहे.
तिथं संध्याकाळी सातला मोईन उस्ताद आम्हाला
जवळून कसं मारायचं ते शिकवतात.
लांबून काय, म्हणतात,
लांबून गोटे तर पोरंबी मारतात.

शारजाच्या लेबर कॅम्पात, फोंग नावाच्या वेल्डरकडून
त्यांनी हे घेतलं, दोन लोखंडी खाटांच्या मधल्या जागेत,
चार वर्षं, दर शुक्रवारी.
विंग चुन. दक्षिण चीनमधलं.
होडीतल्या, बोळातल्या माणसांची विद्या, फोंग सांगायचा,
खरंखोटं त्याला माहीत.
मला बोळ कशाला? माझी एसटी आहे,
जालना, अंबड, घनसावंगी,
उभे सत्तावीस, आणि मधून मी,
मशीन छातीशी धरून, सुटे मागत.
लाथ उचलायला जागा नाही.
हात मागं नेऊन मारायलाही नाही.

पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले,
पंजे आत, गुडघे आत, बकरी पकड.
ओंकार भक्कड, स्टीलवाल्यांचा, सतरा वर्षांचा,
तोल जाऊन पोत्यावर बसला.
मी हसले. मला आमची बांडी आठवली,
जंताचं औषध पाजताना
मी तिला गुडघ्यात दाबून धरायची, नऊ वर्षांची असताना,
आणि ती सगळा गाव गोळा करायची.
म्हणजे परतूरकडच्या एका पोरीला
ह्यातलं अर्धं आधीच येत होतं.
फोंगला कोण सांगणार!

लाकडी माणूस लिंबाजी पांचाळानं केला, बाभळीचा.
फोटो उलटासुलटा करून बघितला त्यानं,
तीन हात, एक पाय. कोणत्या देवाचा?
किसीका नही, उस्ताद म्हणाले.
तरी हळदकुंकू लावूनच दिला.
महिनाभरात घामानं ते गेलं,
एका सांध्यात थोडं आहे अजून.

मग ची साव. चिकटलेले हात.
मनगटाला मनगट लावून
दोघांनी एक जातं ओढावं तसं फिरत राहायचं.
ओंकार लाजला. ताई, चालेल ना?
माझ्या हातांना नोटांचा, डिझेलचा वास.
चालत नाही रे, म्हणाले, चिकट.
आँख बंद, उस्ताद ओरडले.
कान नक्को. कलाई से सुन.

सहा महिने काहीच ऐकू आलं नाही.
मग एका बुधवारी कळलं,
हा आता डावीकडून ढकलणार,
आणि ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.

अंबडच्या अलीकडं गतिरोधक आहे,
ड्रायव्हर इंगोले त्याला मोजत नाही.
गाडी उडाली आणि मागून एक हात
माझ्या कमरेशी आला.
मी वळले की वळवली गेले,
कोपर मध्ये, मूठ त्याच्या बरगडीपासून वीतभर,
आणि मनगट म्हणालं, थांब.
ह्यात जोर नाही, नुसतं वजन आहे.
म्हातारा होता. पिशवीत एक्सरे.
पडत होता, मी धरला.
पंच्याहत्तरीच्या वरचा, त्याला शून्याचं तिकीट फाडून दिलं.
माझा हात घनसावंगीपर्यंत थरथरत होता.

वैशाखात दुसरा एक हात आला.
त्यात वजन नव्हतं.

डेपोत लेखी जबाब दिला मी,
प्रवासी तोल जाऊन पडला.
उस्तादांना खरं ते सांगितलं.
कोपर कहाँ था?
मध्ये, म्हणाले.
त्यांनी पुढं काही विचारलं नाही,
खिडकीतून खाली हाक मारून चहा सांगितला.

चहा यायच्या आधी ओंकारनं
मनगटावर मनगट ठेवलं.
दोन फेऱ्या झाल्या असतील.
आज तुमचा हात वेगळा आहे, म्हणाला,
डोळे मिटलेलेच.